मागे फिरण्याची मुभा

घरातील संगणक रात्रीपर्यंत विनातक्रार चालतो आणि सकाळी त्याचा आवाज बंद पडलेला असतो, अथवा पडदाच काळा असतो. घरच्यांनी काहीही केलेले नसते. यंत्राने आपण होऊन नवा ड्रायव्हर उतरवून घेतलेला असतो, इतकेच. ड्रायव्हर हा कार्यप्रणाली आणि यंत्राचे सुटे भाग यांच्यामधील दुभाष्या. नव्या दुभाष्याला भाषा नीट येत नसेल, तर दोन्ही पक्ष धडधाकट असूनही व्यवहार खुंटतो. हे न कळल्यामुळे चांगला भाग मोडीत काढून नवा विकत घेण्याची पाळी येते.

वस्तुतः उपाय संगणकातच आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ ही सोय मिळते. पडदाच दगा देत असेल, तर आधी ‘सेफ मोड’मध्ये शिरावे लागते. मात्र जुनी प्रत यंत्राने जपली नसेल, तर ही कळ फिकट दिसते आणि दाबली जात नाही.

परंतु परतीची वाट दर वेळी उघडी राहतेच असे नाही. २०१४ साली एफटीडीआय या कंपनीचा ड्रायव्हर विंडोजच्या अपडेटमधून घरोघरी पोहोचला. तिच्या चिपची नक्कल ज्या उपकरणांत होती, त्यांचा ओळखक्रमांक त्याने शून्य करून टाकला. क्रमांक चिपमध्येच लिहिलेला. त्यामुळे नुसता जुना ड्रायव्हर परत आणून भागेना, आणि उपकरण दुसऱ्या संगणकालाही ओळखू येईना. नक्कल करणारा गुन्हेगार खरा. पण शिक्षा झाली ती दुकानातून भाबडेपणाने वस्तू घेणाऱ्याला. टीका झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला.

२०१५ साली विंडोज १० आले, तेव्हा घरगुती आवृत्तीत अपडेट नाकारण्याची मुभाच नव्हती. मागे आणलेला ड्रायव्हर पुन्हा नवा होऊन बसे; तो रोखण्यासाठी वेगळे साधन शोधून उतरवावे लागे, आणि ते आहे हे ठाऊक किती जणांना? सक्तीचे समर्थन सुरक्षेच्या नावाने होते आणि त्यात तथ्यही आहे. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने ज्या छिद्रातून शिरकाव केला, त्यावरील ठिगळ मार्चमध्येच निघाले होते. पण सुरक्षेचे ठिगळ आणि आवाजाचा ड्रायव्हर यांना एकाच सक्तीत बांधण्याचे कारण काय? २०१९ मध्ये घरगुती ग्राहकाला अपडेट लांबवण्याची सवलत मिळाली, तीही पस्तीस दिवसांची.