बोलता येण्याआधीचं 'अजून'

पार्सिपनीत आमच्या ओळखीच्या एका मराठी घरातली मुलगी अडीच वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. शब्द अजून फुटलेले नाहीत, बोटंही नीट वळत नाहीत. तिच्यासमोर लॅपटॉप असतो आणि त्याला जोडलेलं वाटीएवढं लाल बटण. तळहात त्यावर पडला की आईच्या आवाजात 'अजून' ऐकू येतं आणि थांबलेलं गाणं पुढे सुरू होतं.

मी सॉफ्टवेअरवाला. यात तांत्रिक करामत फारशी नाही. ते बटण दाबणं संगणकाच्या लेखी माउसच्या क्लिकसारखंच. पण 'मी केलं म्हणून घडलं' हे इतर मुलं खुळखुळा फेकून, भांडी आपटून शिकतात. हात साथ देत नाही त्या मुलाला ती संधी मुद्दाम द्यावी लागते, आणि लवकर द्यावी लागते.

अमेरिकेत १९८६च्या कायद्यानं तीन वर्षांखालील मुलांसाठी अशा सेवांची सोय सुरू झाली. न्यू जर्सीत तपासणी मोफत होते. पुढच्या सेवांसाठी उत्पन्नानुसार वाटा द्यावा लागू शकतो. आईबाबा स्वतः फोन करू शकतात. तरी आपले लोक थांबतात. "त्याचा मामाही उशिराच बोलला होता," असं आजी व्हिडिओ कॉलवर सांगते.

दुसरी भीती म्हणजे, यंत्र बोलायला लागलं तर पोर बोलायचा आळस करेल. २००६मध्ये अशा अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या भक्कम पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नाही; बहुतेकांचं वाढलं.

अर्थात, मोबाइल देऊन मुलाला गप्प बसवणं वेगळं. इथे शेजारी माणूस हवाच, दाद द्यायला.

भाषाही घरचीच हवी. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत तयार झालेलं 'जेलो' हे ॲप मोफत आहे आणि मराठीतही आहे. चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं, आजीलाही समजतं. भारतात २०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, म्हणजे डीईआयसी, अशा मुलांसाठीच आहेत. जवळच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

मूल बोलेल याची वाट जरूर बघावी. पण तोवर त्याला काही सांगायचंच नसतं, असं थोडंच आहे?