मोठ्या जहाजावरचं छोटं काम

नौदलात भरती झालेल्या पोराला पहिलं जहाज मिळालं की गावाकडे चौकशी एकच असते: केवढं आहे? ‘विक्रांत’ म्हटलं की पेढे. कधी न ऐकलेल्या एखाद्या लहान युद्धनौकेचं नाव आलं की चेहरे जरा उतरतात. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल शाखेत गेलेल्या मुलांबाबत तरी हा हिशेब बराचसा चुकीचा आहे.

गैरसमज: जहाज जेवढं मोठं, तेवढं शिकायला जास्त

‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका 262 मीटर लांब आहे, पूर्ण भारासह वजन सुमारे 43,000 टन. 14 डेक, 2,300च्या आसपास कप्पे आणि 1,600 माणसांची सोय. एवढ्या पसाऱ्यात कामाची वाटणी बारीक होणारच. मुख्य इंजिनं एका गटाकडे, वीज तयार करणारे जनरेटर दुसऱ्याकडे, वातानुकूलन तिसऱ्याकडे. समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारी यंत्रं, आग विझवायचे पंप, सुकाणू फिरवणारी यंत्रणा, सगळ्यांना आपापली माणसं. लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’मध्ये इंजिनांचं शिक्षण घेऊन आलेला नवा मेकॅनिक इथे महिनोन्‌महिने एकाच एसी प्लांटवर असू शकतो. त्या प्लांटचा आवाज किंचित बदलला तरी त्याला कळेल, पण जहाज ज्या चार गॅस टर्बाइनवर पळतं त्यांच्या खोलीत त्याचं पाऊल क्वचितच पडेल.

आणि पडलं तरी टर्बाइन उघडायला मिळणार नाही. गॅस टर्बाइनचं मोठं काम समुद्रावर सहसा करतच नाहीत. इंजिन अख्खंच बाहेर काढून किनाऱ्यावर नेलं जातं. अशा टर्बाइनच्या दुरुस्तीसाठी नौदलाने विशाखापट्टणमला ‘आयएनएस एकसिला’ हा स्वतंत्र तळच उभारला आहे. जहाजावर उरतं ते लक्ष ठेवणं, तेलाचे नमुने तपासणं, फिल्टर बदलणं आणि कंट्रोल रूममधल्या पडद्यावरचे आकडे वाचणं. ‘माझा मुलगा विक्रांतचं इंजिन बघतो’ हे वाक्य खोटं नाही, फक्त त्यातलं ‘बघतो’ शब्दशः घ्यायचं.

मोठ्या जहाजाचा खरा फायदा वेगळाच आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. तिथे विचारायला माणूस असतो. नव्या मुलाच्या वर लीडिंग हँड, त्याच्या वर पेटी ऑफिसर, त्याच्या वर चीफ. तेच काम पंधरा-वीस वर्षं केलेला कुणीतरी त्याच मेसमध्ये जेवत असतो. शिवाय जहाजावर वर्कशॉप असतं. एखादी गोष्ट खोलवर शिकायची तर ही जागा उत्तम. फक्त ती गोष्ट एकच असेल, याची तयारी हवी.

गैरसमज: लहान जहाजावर यंत्रं कमी, म्हणून आराम

जून 2025 मध्ये विशाखापट्टणमला नौदलात दाखल झालेली ‘आयएनएस अर्नाळा’ घ्या. वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्याचं नाव मिळालेली ही पाणबुडीविरोधी नौका 77 मीटरची आहे आणि डिझेल इंजिनांनी फिरणाऱ्या वॉटरजेटवर चालते. तिच्यावर माणसं साधारण साठ. पण विमानवाहू नौकेला जे जे लागतं, त्यातलं जवळजवळ सगळं तिलाही लागतंच: वीज, गोडं पाणी, थंड हवा, सुकाणू, आगीचे पंप, सांडपाण्याची व्यवस्था. यंत्रं आकाराने लहान झाली, प्रकार फारसे घटले नाहीत. माणसं मात्र पंचवीस पटींहून जास्त घटली.

त्यामुळे नवा मेकॅनिक सकाळी जनरेटरचं तेल बदलतो, दुपारी गळका व्हॉल्व्ह दुरुस्त करतो, आणि संध्याकाळी जहाज धक्क्याला लागताना डेकवर दोर ओढायलाही तोच असतो. वॉचचंही गणित बघा. माणसं पुरेशी असली तर तीन पाळ्या लागतात, म्हणजे चार तास ड्युटी आणि आठ तास मोकळे. त्या मोकळ्या तासांतही दिवसाची कामं असतातच. माणसं दोनच पाळ्यांपुरती असली की चार तास ड्युटी, चार तास सुट्टी. त्यात लहान नौका लाटांवर जास्त हेलकावते. उलटी आवरत डिपस्टिक वाचणं हाही प्रशिक्षणाचाच भाग, जरी तो कुठल्या अभ्यासक्रमात छापलेला नसला.

आता याच्या पोटातला उलटा गैरसमज. लहान नौकेवरची मुलं सगळं स्वतःच दुरुस्त करतात, असंही कौतुकाने सांगितलं जातं. तसं नसतं. सुटे भाग ठेवायला जागा नाही, वर्कशॉप म्हणण्यासारखं काही नाही. मोठं काम निघालं की बंदरात परतायचं आणि मुंबईसारख्या तळावरच्या फ्लीट मेंटेनन्स युनिटला किंवा डॉकयार्डला बोलवायचं. समुद्रात असताना नेमकं काय बिघडलंय हे ओळखणं आणि जहाज परत आणण्यापुरतं ते चालतं ठेवणं, हे लहान नौकेवरच्या तंत्रज्ञाचं खरं कसब. मला विचाराल तर रोगनिदान शिकायला याहून चांगली जागा नाही.

गैरसमज: सारख्या आकाराच्या जहाजांवर सारखंच काम

‘विक्रांत’ आणि ‘विक्रमादित्य’ शेजारी उभ्या केल्या तर वजनात फार फरक दिसणार नाही. पण ‘विक्रमादित्य’ मूळची सोव्हिएत काळातली, रशियात फेरबदल करून घेतलेली आणि 2013 मध्ये आपल्याकडे दाखल झालेली नौका. ती वाफेवर चालते: आठ बॉयलर, चार स्टीम टर्बाइन. तिथल्या नव्या मेकॅनिकचं आयुष्य बॉयलरच्या पाण्याची शुद्धता, वाफेचा दाब आणि असह्य उकाडा यांभोवती फिरतं. ‘विक्रांत’वरच्या त्याच्या बॅचमेटला यातलं काहीच करावं लागत नाही. टनांचा आकडा सारखा, धंदा जवळजवळ वेगळा.

मधल्या आकाराच्या जहाजांकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष जात नाही. माझगाव डॉकमध्ये बांधलेली विनाशिका ‘विशाखापट्टणम’ 163 मीटर, 7,400 टन, तिच्यावर माणसं तीनेकशे. शिकवायला अनुभवी चीफ आहेत, आणि नव्या मुलाला दोन-तीन विभागांत फिरवता येईल इतकी माणसं कमीही आहेत. पहिल्या जहाजासाठी माझी पसंती याच वर्गाला.

गैरसमज: तांत्रिक शाखा म्हणजे फक्त तांत्रिक काम

झाडलोट, रंगकाम, सामान चढवणं कुठल्याही जहाजावर चुकत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आग आणि पाणी. फायर ब्रिगेड येणार नसते, म्हणून जहाजावरचा प्रत्येक जण आग विझवायला आणि भगदाड बुजवायला शिकतो. लोणावळ्यात त्यासाठी हलणारं, पाण्याने भरत जाणारं सिम्युलेटर आहे. मोठ्या जहाजावर इथेही वाटणी असते, ठरलेली पथकं असतात. अडचण तिथे अंतराची: धूर कोंडलेल्या, एकसारख्या दिसणाऱ्या शेकडो कप्प्यांतून वाट काढायची असते. म्हणून नव्या मुलाला सुरुवातीला यंत्रं नव्हे, रस्ते पाठ करावे लागतात.

गैरसमज: पाणबुडी म्हणजे लहान जहाजच

माणसांची संख्या पाहिली तर तसं वाटेल. कलवरी वर्गाची पाणबुडी साडेसदुसष्ट मीटरची, माणसं चाळीसच्या थोडी वर. पण तिथे नियमच निराळा. इलेक्ट्रिकलवाल्याला प्रत्येकी 750 किलोच्या 360 बॅटरी सेलची काळजी घ्यायची असते, आणि तेवढ्यावर भागत नाही. हवा, पाणी, हायड्रॉलिक्स, वीज, कुठली नळी कुठून कुठे जाते, कुठला व्हॉल्व्ह अंधारात हाताने कसा सापडेल, हे स्वयंपाक्यासकट सगळ्यांना यावं लागतं. त्याची परीक्षा होते, आणि ती पार केल्याशिवाय छातीवर डॉल्फिनचा बिल्ला लागत नाही. पाणबुडी शाखेत माणसं स्वेच्छेने येतात. वेगळा भत्ता मिळतो, पण पाय पसरायला जागा मिळत नाही.