शेतात मुक्कामी कॅरावॅन उभी करायचीय? इसार देण्याआधी हे तपासा

सुट्टी लागली की शहरातली कुटुंबं धरणाकाठी, डोंगराच्या पायथ्याला मुक्कामाला येतात. पवना, भंडारदरा भागात तर तंबूंच्या रांगा लागतात. राज्य सरकारनेही २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ मध्ये कॅरावॅन पर्यटन धोरण आणलं. त्यामुळे आपल्याही रानात एखादी कॅरावॅन, म्हणजे चाकांवरची खोली, उभी करावी असं अनेकांच्या मनात आहे.

पण हा लाखांचा व्यवहार आहे. मोबाईलवर व्हिडिओ बघून इसार दिला आणि ती वस्तू आपल्या रानात बसली नाही, तर हप्ता उसाच्या नाहीतर कांद्याच्या पैशातून भरावा लागतो. म्हणून आधी काय बघायचं ते समजून घेऊ.

फिरती हवी की मुक्कामी?

अमेरिकेत याचे दोन प्रकार मिळतात. एक फिरता ट्रेलर. तो आज इथे, उद्या तिथे जातो, म्हणून हलका, आणि पाण्याची टाकी, बॅटरी सोबत घेऊन फिरणारा. दुसरा डेस्टिनेशन ट्रेलर. तो एकदा नेऊन ठेवला की मोसमभर किंवा वर्षानुवर्षं तिथेच. लांबी साधारण ३५ ते ४० फूट, आत घरातल्यासारखा फ्रिज, मोठं सरकतं काचेचं दार. वीज, पाणी, सांडपाणी सगळं जागेवरच जोडलेलं.

आपल्या रानात उभी राहणार ती दुसऱ्या जातीची. म्हणून हलकं वजन आणि मोठी बॅटरी यावर पैसे घालू नका. तेच पैसे छत, उष्णता अडवणारा थर आणि चांगलं न्हाणीघर यावर घाला.

मात्र ४० फुटांच्या नादाला लागू नका. रस्त्यावरच्या वाहनाची रुंदीच २.६ मीटर, म्हणजे साधारण साडेआठ फुटांपर्यंत असते. बांधावरचं वळण, ओढ्यावरचा मोरीपूल, लोंबणाऱ्या वीजतारा हे सगळं टेप घेऊन मोजा. ट्रेलर रस्त्यावर ओढायचा तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखीच त्याची आरटीओकडे नोंदणी लागते. कागद नसलेली कॅरावॅन स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

आणि ती जागेवरून कधीच हलणार नसेल, तर चाकांचे पैसे कशाला? पोर्टा केबिनचाही भाव काढा. चाकं कामाला येतात ती जमीन भाड्याची असेल किंवा पुराच्या आधी खोली हलवावी लागत असेल तर.

जमीन

काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर उभी केलेली कॅरावॅन एका पावसाळ्यात कलंडते, मग दारं अडकतात, सांधे उघडतात आणि छत गळतं. म्हणून माती उकरून दगड आणि मुरूम भरून दाबून घ्या, जागा आजूबाजूपेक्षा उंच करा. वजन टायरवर ठेवू नका. पक्क्या ठोकळ्यांवर घ्या, कारण उन्हात टायर तडकतात. कोपऱ्यातले बारके जॅक फक्त हलू नये म्हणून असतात, सगळं वजन उचलायला नसतात.

सावली हवी, पण वाळक्या फांदीखाली किंवा नारळाखाली नको. कोकणात जून २०२० च्या निसर्ग वादळात पक्क्या घरांचे पत्रे उडाले होते. मोकळ्या रानात चारही बाजूंनी जमिनीत अँकर गाडून बांधून घ्या.

वीज आणि पाणी

शेतीपंपाच्या कनेक्शनवर कॅरावॅन चालवू नका. ज्या कामासाठी कनेक्शन घेतलं त्याऐवजी दुसऱ्या कामाला वीज वापरली, तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दंडाची आकारणी होते. शिवाय शेतीच्या फिडरवर दिवसभर वीज नसतेच. पाहुण्यांसाठी वेगळं मीटर घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं अर्थिंग. रबरी टायरवरचा पत्र्याचा डबा आपोआप जमिनीला जोडलेला नसतो. आत वायर सोलली आणि ओल्या हाताने कोणी दार धरलं, तर जीव जाईल. बॉडीला वेगळं अर्थिंग करा आणि ३० मिलीअँपिअरवर वीज तोडणारा आरसीसीबी बसवा. इथे शंभर रुपयेही वाचवू नका.

फिरत्या कॅरावॅनमधली शौचालयाची छोटी टाकी एका कुटुंबाला दोन-तीन दिवसांतच भरते. मुक्कामीसाठी आलटून पालटून वापरायचे दोन शोषखड्डे करा. ते विहिरीपासून, बोअरपासून किमान ५० फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्या. तेच पाणी आपणही पितो.

आतली मांडणी

विकणारा म्हणेल, आठ जण झोपतात. त्यात जेवणाच्या टेबलाचा केलेला पलंग आणि शिडीवरचा माळाही मोजलेला असतो. आपल्याकडे कुटुंब येतं ते आजी-आजोबांसह. त्यांना शिडी चढवत नाही. दाराच्या पायऱ्या रुंद आणि कठडा असलेल्या हव्यात, कमोड हवा. आत आणखी दोन पलंग कोंबण्यापेक्षा बाहेर पत्र्याची ओसरी काढा. मंडळी बसतात, जेवतात तिथेच.

स्वयंपाकही बाहेरच बरा. गॅस हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो. आत शेगडी ठेवणारच असाल तर जमिनीलगत झरोका हवा. धंद्यासाठी घरगुती लाल सिलिंडर चालत नाही, निळा १९ किलोचा घ्यावा लागतो. दाराशिवाय बाहेर पडता येईल अशी एक खिडकीही असू द्या.

हिशोब

वर्षात पाहुणे भरतात ते मुख्यतः शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांना. समजा वर्षात ६० रात्री भरल्या आणि रात्रीला खर्च जाऊन १,५०० रुपये उरले, तर ९० हजार होतात. सहा लाखांची वस्तू व्याज न धरताही फिटायला साडेसहा वर्षांहून जास्त. जागा, खड्डे, मीटर, ओसरी यांचा खर्च वेगळा. आपल्या भागातले आकडे घालून हे गणित वहीत मांडा.

आधी एक मोसम त्याच जागेवर दोन तंबू लावून बघा. जागा, न्हाणीघर आणि पाण्याची सोय तेव्हाच करून घ्या, ती पुढेही कामाला येते. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची चौकशी करा, ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडे जागेबद्दल विचारून घ्या. लोक परत परत आले, तर मग कॅरावॅनचा इसार द्या. आणि तो देण्याआधी भर दुपारी दार लावून आत अर्धा तास बसा. तुम्हालाच बसवलं नाही, तर पाहुण्याला झोप कशी लागेल?