अरण्य आणि अंतराळ : जुन्या चित्रकथांची ओळख

जेथें मनुष्याची दृष्टि पोहोंचत नाहीं, तेथें त्याची कल्पना आधीं जाऊन पोहोंचते. घनदाट अरण्य आणि दूरचें आकाश या दोन स्थळीं तर ती वारंवार गेली आहे. अशा साहसाच्या गोष्टी मुलांस फार आवडतात आणि त्या सचित्र असल्या म्हणजे मग विचारावयासच नको! भूगोलाच्या पुस्तकाआड रंगीत चित्रांचें पुस्तक उघडून बसलेला विद्यार्थी आम्हीं पाहिला आहे, आणि तें पुस्तक काढून घेऊन कपाटावर ठेवणारी आईही पाहिली आहे. दोघांचीही बाजू आम्हांस ठाऊक आहे. म्हणून या चित्रकथा, ज्यांस सर्वत्र 'कॉमिक्स' म्हणतात, त्या कोठून आल्या, कशा तयार होत आणि त्यांत घेण्यासारखें व टाकण्यासारखें काय आहे, याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या कथांचें एक मूळ आपल्या मुंबईशीं जोडलेलें आहे. रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म 1865 सालीं मुंबईस झाला. त्यांचे वडील तेथील कलाशाळेंत अध्यापक होते. लांडग्यांनीं वाढविलेल्या मोगलीची त्यांची कथा 1894 सालीं पुस्तकरूपानें निघाली. पुढें 1912 सालीं अमेरिकेंत एडगर राइस बरोज यांनीं वानरांनीं वाढविलेल्या टारझनची कादंबरी एका मासिकांत प्रसिद्ध केली. याच लेखकानें त्याच वर्षीं मंगळावरील साहसाचीही एक कादंबरी प्रसिद्ध केली. म्हणजे अरण्य आणि अंतराळ हीं दोन्हीं एकाच लेखणींतून एकाच वर्षीं बाहेर पडलीं! नवल हें कीं, बरोज यांनीं आफ्रिकेंत कधीं पाऊलही ठेवलें नव्हतें. मासिकांतील मूळ कथेंत त्यांनीं आफ्रिकेंत वाघ आणून सोडला होता. वाघ हा आशियाचा प्राणी, आफ्रिकेचा नव्हे, ही चूक लक्षांत आणून दिली गेल्यावर पुस्तकांत त्या वाघाची सिंहीण झाली.

वर्तमानपत्रांतील चित्रमालिकांतही हीच जोडी दिसते. 7 जानेवारी 1929 या एकाच दिवशीं अमेरिकन वर्तमानपत्रांत दोन मालिका सुरू झाल्या : एक हॅल फॉस्टर यांनीं चितारलेली टारझनची, आणि दुसरी पंचविसाव्या शतकांत जाऊन पडलेल्या बक रॉजर्सची. त्यानंतर बरोबर पांच वर्षांनीं, 7 जानेवारी 1934 रोजीं, अ‍ॅलेक्स रेमंड या एकाच चित्रकारानें 'फ्लॅश गॉर्डन' आणि 'जंगल जिम' या दोन मालिका आरंभिल्या. पहिलींतील नायक मोंगो नांवाच्या ग्रहावर लढे, तर दुसरींतील नायक अरण्यांत.

सन 1938 च्या सुमारास सुट्या रंगीत पुस्तकांचा काळ आला. दहा सेंट किंमतीचें तें पुस्तक मुलांस आपल्या खाऊच्या पैशांतून घेतां येई. या काळास पुढें चित्रकथांचें 'सुवर्णयुग' असें नांव पडलें. न्यूयॉर्कच्या 'फिक्शन हाउस' या प्रकाशनसंस्थेनें अरण्य व अंतराळ हेंच आपलें मुख्य भांडवल केलें. तिच्या 'जम्बो कॉमिक्स'चा पहिला अंक सप्टेंबर 1938 चा. त्यांत शीना ही अरण्याची राणी होती. पुढें 1942 सालीं तिच्या नांवाचें स्वतंत्र पुस्तकही निघालें. जानेवारी 1940 मध्यें याच संस्थेनें 'जंगल कॉमिक्स' आणि 'प्लॅनेट कॉमिक्स' हीं दोन पुस्तकें एकदमच सुरू केलीं. पैकीं पहिल्याचे 163 आणि दुसऱ्याचे 73 अंक निघाले.

हीं पुस्तकें तयार कशी होत, हेंही पाहण्यासारखें आहे. एक जण कथा लिही. दुसरा पेन्सिलीनें चौकटी आंखून चित्रें काढी. तिसरा त्यांवर शाई फिरवी. चौथा पात्रांच्या तोंडचे शब्द फुग्यांत अक्षरें काढून बसवी. रंग मात्र छापखान्यांत चढत. तांबडा, पिवळा, निळा आणि काळा अशा चारच शाया. परंतु रंगाचे बारीक ठिपके दाट वा विरळ छापले कीं त्याच्या गडद व फिक्या छटा दिसत, आणि पिवळ्यावर निळा पडला कीं अरण्याचा हिरवा तयार होई. असें जुनें पुस्तक हातीं आल्यास विद्यार्थ्यांनीं भिंगांतून पाहावें. एकसंध भासणारें आकाश ठिपक्यांचें आहे असें दिसून येईल. कागद लांकडाच्या लगद्याचा व हलका असे. त्यांतील लिग्निन हें द्रव्य प्रकाश व हवा लागून कागदास पिवळा करतें, म्हणून हे अंक आज ठिसूळ झालेले आढळतात. त्यांतच दुसऱ्या महायुद्धांत रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि असंख्य अंक त्या रद्दींत गेले. एके काळीं दहा सेंटांस मिळणारी वस्तु आज दुर्मिळ झाली ती यामुळें.

आतां यांतील विज्ञानाची गोष्ट. शुक्रावर दलदल, प्रचंड झाडें आणि अक्राळविक्राळ सरडे आहेत असें या कथांतून नेहमीं दाखवीत. ही निव्वळ थाप होती काय? तसें म्हणतां येत नाहीं. शुक्र दाट ढगांनीं झांकलेला आहे. ढग म्हणजे पाणी, आणि पाणी व ऊब म्हणजे अरण्य, असें अनुमान त्या काळीं विद्वानांसही पटे. स्वीडनचे थोर रसायनशास्त्रज्ञ स्वांते अर्‍हेनियस यांनींही 1918 सालीं शुक्राचें असेंच ओलसर वर्णन केलें होतें. पुढें डिसेंबर 1962 मध्यें 'मॅरिनर 2' हें यान शुक्राजवळून गेलें, आणि तो ग्रह अरण्य नसून भट्टी आहे हें सिद्ध झालें. तेथील पृष्ठभागाचें तपमान सुमारें 460 अंश सेल्सिअस आहे, आणि ढग आहेत ते गंधकाम्लाचे! त्यानंतर जुलै 1965 मध्यें 'मॅरिनर 4' नें मंगळाचीं छायाचित्रें पाठविलीं, त्यांत राजवाडे नव्हते, उल्कापातानें पडलेले खळगे होते. कथा खोटी ठरली. परंतु त्या कथेनें लावलेली ओढ खोटी ठरली नाहीं. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनीं बरोजच्या मंगळकथांनीं बालपणीं आपणांस वेड लावल्याचें स्वतःच सांगितलें आहे, आणि तेच पुढें मंगळावर यानें पाठविण्याच्या कार्यांत सहभागी झाले.

शुक्राविषयींची चूक यानांनीं दुरुस्त केली. परंतु या पुस्तकांतील दुसरी एक चूक यानांनीं दुरुस्त होण्यासारखी नव्हती, कारण ती मनुष्यांविषयीं होती. अरण्यकथांतील नायक किंवा नायिका गोरी. आफ्रिकेचे मूळ रहिवासी मात्र एक तर भित्रे, नाहीं तर क्रूर, आणि नेहमीं गोऱ्याच्या आज्ञेची वाट पाहणारे! ज्या भूमींत टिंबक्टूसारखीं विद्येचीं केंद्रें होऊन गेलीं, ती भूमि या चित्रांत भाषेवांचून, इतिहासावांचून उभी केलेली असे. परकीय सत्तेखालीं राहिलेल्या आपल्या देशास ही दृष्टि कशी बोंचते, हें सांगावयास नको. आश्चर्य वाटेल, पण याच फिक्शन हाउससाठीं मॅट बेकर हे कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकार काम करीत, आणि अरण्यांतील एका गोऱ्या नायिकेचीं चित्रें त्यांच्या कुंचल्यांतून उतरत. ते 1959 सालीं अकालीं वारले. त्यांच्या कलेचा योग्य गौरव झाला तो पुढें अर्धशतकानें.

त्याच संस्थेंत लिली रेने ही तरुणीही होती. ती व्हिएन्नाची, ज्यू कुटुंबांतली. 1938 सालीं ऑस्ट्रिया हिटलरच्या हातीं गेला. पुढच्या वर्षीं निर्वासित मुलांस इंग्लंडांत नेणाऱ्या आगगाडीनें ती एकटीच बाहेर पडली, आणि तेथून अखेर न्यूयॉर्कला आपल्या आईबापांस भेटली. महायुद्धामुळें पुरुष चित्रकार सैन्यांत गेले होते, म्हणून स्त्रियांस हें काम मिळूं लागलें होतें. 'प्लॅनेट कॉमिक्स'मधील 'लॉस्ट वर्ल्ड' ही मालिका तिनें चितारली. त्या कथेंत परग्रहावरील जुलमी सैन्यानें पृथ्वी उद्ध्वस्त केलेली असते, आणि पडक्या नगरांतून हंट बोमन हा धनुर्धारी थोड्या सोबत्यांसह त्यांच्याशीं लढत असतो. मुलांस ती भविष्यकाळाची गोष्ट वाटे. चितारणारीनें मात्र अशा सैन्याचें आगमन प्रत्यक्ष पाहिलें होतें. लिली रेने 2022 सालीं, वयाच्या 101 व्या वर्षीं निवर्तल्या.

पालकांस वाटणारी काळजीही नवी नव्हे. 1948 सालीं अमेरिकेंत कांहीं गांवीं शाळकरी मुलांकडूनच चित्रकथांच्या होळ्या पेटविण्यांत आल्या. 1954 सालीं डॉ. फ्रेडरिक वर्थम या मानसरोगतज्ज्ञानें, चित्रकथांमुळें मुलें गुन्ह्याकडे वळतात असें प्रतिपादणारें पुस्तक लिहिलें. त्याच वर्षीं तेथील सिनेटच्या समितीपुढें चौकशी झाली, आणि प्रकाशकांनीं आपणांवर एक आचारसंहिता लादून घेतली. फिक्शन हाउसचीं पुस्तकेंही त्याच सुमारास बंद पडलीं. वर्थम यांचा हेतु मुलांच्या हिताचाच होता. परंतु पुढें त्यांचीं टिपणें अभ्यासकांस खुलीं झालीं, तेव्हां कॅरल टिली या अध्यापिकेनें 2012 सालीं दाखवून दिलें कीं, मुलांच्या तोंडचीं विधानें त्यांनीं आपल्या मतास जुळतील अशीं फिरविलीं होतीं. हेतु चांगला असला तरी पुरावा खरा असावा लागतो, हा यांतील धडा.

आपल्याकडे हा प्रवाह पुस्तकरूपानें आला तो मुख्यतः 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून. टाइम्स ऑफ इंडियाच्या मुंबईच्या संस्थेनें तें मार्च 1964 मध्यें सुरू केलें. त्याच्या मराठी आवृत्तीही निघत, आणि 1990 सालीं तें बंद झालें. त्यांतील अरण्यवासी नायक फँटम हा ली फॉक यांची 1936 सालची निर्मिति. मराठी मुलांनीं त्यास 'वेताळ' म्हणून ओळखलें. आजचे पुष्कळ पालक त्या कवटीच्या गुहेंतूनच शाळेंत आले आहेत, हें त्यांनीं मनाशीं कबूल करावें! 1976 सालीं त्याच पुस्तकांत आबिद सुरती यांचा 'बहादूर' हा भारतीय नायक आला, तेव्हां साहस करण्यास परदेशाचें अरण्यच लागतें असें नाहीं, हेंही मुलांस कळलें.

तर मग या पुस्तकांचें करावें काय? आमचें मत असें कीं, तीं कपाटावर ठेवूं नयेत आणि अभ्यासाच्या पुस्तकाआडही ठेवूं नयेत. तीं मोकळेपणीं घरांतील मोठ्यांसह वाचावीं. 'आफ्रिकेंत वाघ असतो काय?', 'शुक्रावर झाडें असतील काय?', 'या चित्रांतल्या काळ्या मनुष्यास बोलूं कां दिलें नाहीं?' असे प्रश्न मुलानें विचारावे आणि वडिलांनीं त्याच्यासह उत्तर शोधावें. उत्तर शोधतांना भूगोलाचें पुस्तक आपोआपच उघडेल. भा. रा. भागवत यांनीं मराठींत आणलेले ज्यूल व्हर्न आणि जयंत नारळीकर यांच्या विज्ञानकथा हीं त्या वाटेवरचीं पुढचीं ठाणीं आहेत. ज्या मुलास चित्रांतील ठिपके पाहण्याची भिंगाची दृष्टि आली, त्यास चित्रांतील चूकही दिसूं लागते. आणि ती एकदां दिसूं लागली म्हणजे तें पुस्तक त्याच्या हातीं निर्धास्तपणें द्यावें.