करून पाहिलेली विद्या : क्रेसन कार्नी

अणुबॉम्ब पडलाच, तर साध्या कुटुंबाने काय करायचे? शीतयुद्धाच्या काळात बहुतेकांनी हा प्रश्न सोडूनच दिला होता. त्या आगीत कोण वाचणार? क्रेसन कार्नी या अमेरिकी अभियंत्याने मात्र तो आयुष्यभर धरून ठेवला. १९७९ साली आलेले ‘न्यूक्लियर वॉर सर्व्हायव्हल स्किल्स’ हे त्यांचे पुस्तक म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले हातांनी करायचे उत्तर आहे.

कार्नींचा जन्म १९१४चा, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचा. प्रिन्स्टनला स्थापत्य अभियांत्रिकी, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला भूगर्भशास्त्र, मग व्हेनेझुएलाच्या जंगलात तेलाचा शोध. दुसऱ्या महायुद्धात पनामाच्या जंगलात सैनिकांचे कपडे, बूट आणि झोळ्या पारखताना त्यांची दृष्टी घडली. वस्तू कागदावर कितीही देखणी असो, चिखलात उतरल्याशिवाय तिची खात्री धरायची नाही.

१९६४ पासून टेनेसीतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत, नोबेलविजेते यूजीन विग्नर यांच्या नागरी संरक्षण प्रकल्पात, हीच कसोटी त्यांनी शब्दांना लावली. अननुभवी कुटुंबांच्या हाती फक्त लेखी सूचना द्यायच्या. त्यांनी खंदक खणायचा, त्यावर घरातली दारे आडवी टाकायची, वर मातीचा जाड थर पसरायचा. वेळेत काम झाले तर रोख बक्षीस. लोक जिथे अडतील, तिथे दोष सूचनेचा मानायचा आणि ती पुन्हा लिहायची.

किरणोत्सार मोजणारे त्यांचे ‘कार्नी फॉलआउट मीटर’ याच पद्धतीतून आले. एक पत्र्याचा डबा. आत बारीक दोऱ्यांवर लटकणारी ॲल्युमिनियम फॉइलची दोन पाने. तळाशी ओल शोषायला भाजलेल्या जिप्समचे तुकडे. प्लास्टिक घासून विद्युतभार दिला की पाने एकमेकांपासून दूर होतात. किरणोत्साराने डब्यातली हवा आयनित झाली की भार गळतो आणि पाने जवळ येऊ लागतात. ठरावीक वेळात ती किती मिलिमीटर सरकली, यावरून तक्त्यात मात्रा वाचायची. निवाऱ्यात हवा खेळती ठेवायला त्यांनी झडपा लावलेला, दोरीने ओढायचा पंप बनवला. त्याला त्यांनी आधी ‘पंखा-पंप’ म्हटले होते. जुन्या कचेऱ्यांत छताला टांगलेला पंखा तसाच दोरीने ओढत.

पुस्तकातले सर्वांत मोलाचे ज्ञान एका साध्या नियमात आहे : स्फोटानंतरचा वेळ सातपट झाला की किरणोत्साराची तीव्रता सुमारे दहापट घटते. स्फोटानंतर एका तासाने १००० असलेला दर सात तासांनी १००, दोन दिवसांनी १० आणि दोन आठवड्यांनी १ वर येतो. म्हणून पहिले दिवस निवाऱ्यात काढणे हाच जगण्या-मरण्यातला फरक.

स्फोटाच्या अगदी जवळ असलेल्यांना हा खंदक वाचवणार नाही, हे उघड आहे. अशा तयारीने युद्ध सोपे वाटू लागेल, हा टीकाकारांचा आक्षेपही हलका नाही. तरी मला तो पटत नाही. युद्ध पुकारणारे वेगळे असतात आणि त्याच्या राखेत पोरेबाळे सांभाळणारे वेगळे. त्या दुसऱ्यांना अज्ञानात ठेवून शांतता येत नाही. कार्नींनी तर पुस्तक कुणालाही पुन्हा छापण्याची मुभा दिली. २००३ साली ते गेले.

पूर असो, भूकंप असो, आपत्तीची पुस्तिका छापण्याआधी ती एखाद्या अनोळखी घरात द्यावी, समोर बसून नुसते पाहावे आणि ते घर अडखळेल ते प्रत्येक वाक्य बदलावे. कार्नींकडून एवढे घेतले, तरी अनेक जीव वाचतील.