करंगळीवरचा भार

जळगाव, अमळनेर, नंदुरबारकडून येणारी ताप्ती खोऱ्याची रेल्वे सुरतच्या उधन्यात मुंबई-सुरत मार्गाला मिळते. या गाडीनं आलेल्या खानदेशी माणसांनी इथले संचे म्हणजे यंत्रमाग चालवले. त्यांच्या पुढच्या पिढीतले अनेक जण आता कीबोर्डवर बसतात. कापड मार्केटच्या दुकानांत टॅली, जीएसटीची रिटर्न्स, ई-वे बिलं. लिंबायत-डिंडोलीकडच्या डीटीपीच्या दुकानांत मराठी लग्नपत्रिका आणि गंधमुक्तीच्या पत्रिका. लूमच्या आवाजानं कान जातात, हे इथं घरोघरी ठाऊक आहे. दिवसभराच्या टायपिंगनं मनगट आणि करंगळी कामातून जाते, हे दुखणं मात्र कुणी मोजत नाही. ते मोजलं गेलं पाहिजे, कारण त्यावर उपाय आहे आणि मराठीत लिहिणाऱ्यांना तो इतरांपेक्षा जास्त लागू पडतो.

दुखणं येतं कुठून, ते आधी पाहू. अमेरिकेत ख्रिस्तोफर शोल्स यांच्या यंत्रावर रेमिंग्टन कंपनीनं १८७०च्या दशकात टाइपरायटर विकायला काढला, तेव्हा प्रत्येक बटणाखाली एक दांडी होती. दांड्या एकमेकींना अडू नयेत म्हणून बटणांच्या ओळी तिरक्या सरकवाव्या लागल्या. दांड्या गेल्या, पण तो तिरकेपणा आजच्या कीबोर्डवरही तसाच आहे. खांद्याएवढ्या अंतरावर असलेले दोन हात छातीसमोर एकत्र आणायचे, मनगटं करंगळीकडे वाकवायची, तळवे पूर्ण पालथे धरायचे आणि असंच आठ-दहा तास बसायचं. कीबोर्ड मधोमध चिरून दोन भाग करावेत, ही कल्पना जर्मनीत क्लॉकेनबर्ग यांनी १९२६ मध्येच मांडली होती. कार्ल क्रोमर यांनी १९७२ मध्ये तिचा पुन्हा शास्त्रीय विचार केला. १९९०च्या दशकात किनेसिस आणि मायक्रोसॉफ्टचे असे कीबोर्ड दुकानात आले. आजच्या स्प्लिट कीबोर्डचे दोन भाग पूर्ण सुटे असतात. ते खांद्यांच्या रेषेत ठेवता येतात, आतली कड थोडी उचलली की तळवे अर्धवट उभे राहतात आणि मनगट सरळ राहतं.

आता मराठीकडे येऊ. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्टची मांडणी ठरवली, १९९१ मध्ये ती भारतीय मानकात आली. तिच्यात बहुतेक स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला आहेत. ‘महाराष्ट्र’ टाइप करून पाहा. म डावा, ह उजवा, काना डावा, र उजवा, काना डावा, ष उजवा, हलन्त डावा, ट उजवा, हलन्त डावा, र उजवा. शिफ्ट सोडून दहा ठोके, आणि एकही हात लागोपाठ दोनदा पडत नाही. लिपीच दोन हातांत वाटलेली असेल, तर कीबोर्डही दोन भागांत असणं अगदी स्वाभाविक आहे. शिवाय ही मांडणी गुजरातीलाही तीच आहे. मराठीतलं उधना आणि गुजरातीतलं उधना त्याच चार बटणांवर उमटतं. सकाळी मराठी पत्रिका आणि दुपारी गुजराती बिल करणाऱ्या माणसासाठी ही केवढी सोय आहे!

पण याच मांडणीत एक मोठा जाच आहे, तो शिफ्टचा. ख, घ, छ, झ, थ, ध, फ, भ हे सगळे शिफ्टवर. ण, ळ, श, ष शिफ्टवर. अ, आ, इ, उ हे सुटे स्वरही शिफ्टवर. आपण सर्वांत जास्त लिहितो ते शब्द कोणते? ‘आहे’ला एकदा शिफ्ट, ‘आणि’ला लागोपाठ दोनदा. ‘उधना’ला आधी उजव्या करंगळीनं, लगेच डाव्या करंगळीनं. इंग्रजी लिहिणाऱ्याला वाक्याच्या सुरुवातीला किंवा नावाला शिफ्ट लागतं, आपल्याला एकाच वाक्यात कितीतरी वेळा. त्यात टायपिंग क्लास न केलेली बरीच मंडळी फक्त डावंच शिफ्ट वापरतात. मग ‘आ’ काढताना डावी करंगळी शिफ्टवर आणि त्याच हाताचं मधलं बोट वरच्या ओळीत, असा पंजा ताणला जातो. हातातलं सर्वांत दुबळं बोट, आणि सगळा भार त्याच्यावर.

सर्वांत ताकदवान बोट म्हणजे अंगठा. साध्या कीबोर्डवर दोन्ही अंगठ्यांना मिळून एक स्पेसबार असतो. चांगल्या स्प्लिट कीबोर्डवर प्रत्येक अंगठ्याखाली दोन-चार बटणं असतात आणि कोणत्या बटणानं काय करायचं, हे क्यूएमके किंवा झेडएमके या मुक्त प्रणालींमुळे आपल्याला ठरवता येतं. डाव्या अंगठ्याचं बटण टिचकीसरशी दाबलं तर स्पेस, धरून ठेवलं तर शिफ्ट, असंही करता येतं. ही नोंद कीबोर्डच्या आतच राहते, त्यामुळे शेठच्या संगणकावर काही टाकावं लागत नाही. माझ्या मते मराठी माणसानं स्प्लिट कीबोर्ड घ्यायचं पहिलं कारण हे आहे. मनगट त्यानंतर.

घेताना मात्र एक गोष्ट तपासलीच पाहिजे. सध्या बेचाळीस बटणांचा कॉर्न नावाचा छोटा कीबोर्ड हौशी मंडळींत फार प्रिय आहे. इंग्रजीला तो पुरतो. पण इन्स्क्रिप्टमधला ‘ड’ चौकटी कंसाच्या बटणावर आहे, ‘ऑ’ उलट्या तिरक्या रेघेच्या (\) आणि ‘ृ’ बरोबरच्या चिन्हाच्या बटणावर, आणि यातलं एकही बटण कॉर्नवर सरळ समोर नसतं. म्हणजे ‘कीबोर्ड’ हा शब्द लिहितानाच अडायला होईल. साठ-सत्तर बटणांचा घ्यावा.

असे स्प्लिट कीबोर्ड बहुधा मेकॅनिकल असतात. मेकॅनिकल म्हणजे काय, हे बिलाच्या काउंटरवर टीव्हीएस गोल्ड वापरलेल्यांना वेगळं सांगायला नको. त्याची टकटक निळ्या स्विचची. प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग असते, ते साधारण चार मिलिमीटर खाली जातं, पण अर्ध्या वाटेवरच अक्षर उमटतं. रबरी पडद्याच्या कीबोर्डवर तळापर्यंत दाबावं लागतं, इथे लागत नाही. सवय झाली की बोटं हलकी पडू लागतात. दिवसभराच्या कामाला मी लाल किंवा तपकिरी स्विच सुचवेन, शेजारच्या टेबलावरच्या माणसाचाही विचार करायला हवा. उधन्यात आणखी एक फायदा आहे. लूमजवळच्या ऑफिसात कापडाची बारीक लव सगळीकडे बसते. मेकॅनिकलच्या टोप्या ओढून काढता येतात आणि ब्रशनं आत साफ करता येतं.

अडचणी खऱ्या आहेत. बहुतेक स्प्लिट कीबोर्डना उजवीकडची आकड्यांची पट्टी नसते, आणि टॅलीवाल्याचं तिच्यावाचून चालत नाही. त्यानं यूएसबीची वेगळी आकड्यांची पट्टी घेऊन ती दोन भागांच्या मधोमध ठेवावी. उजवा हात लांब न्यावा लागत नाही, हा वरचा फायदा. वेग सुरुवातीला चांगलाच खाली येतो, म्हणून रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखांच्या आठवड्यात नवा कीबोर्ड काढू नये. आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होत असेल, मुंग्या येत असतील, तर मनगटातली नस दाबली जात असल्याची शक्यता असते. तिथे आधी डॉक्टर. कीबोर्ड हे औषध नव्हे.

किमतीचं काय? आयात केलेले नावाजलेले कीबोर्ड वीस-तीस हजारांच्या घरात जातात, आणि न वापरता एवढे पैसे घालणं कुणालाही जड जाईल. विंडोजवर एकाच संगणकाला दोन साधे कीबोर्ड लावता येतात. एकावरचं शिफ्ट दुसऱ्यावरच्या अक्षराला लागू होतं. ऑफिसात पडून असलेला जुना कीबोर्ड काढावा, एक डाव्या खांद्यासमोर आणि दुसरा उजव्या खांद्यासमोर ठेवावा, खुर्ची कोपर टेबलाच्या उंचीला येईल इतकी वर घ्यावी आणि एक पूर्ण पत्रिका त्यावर टाइप करावी. अंगठ्याच्या बटणांचा अनुभव यात मिळणार नाही. पण खांदे मोकळे सोडून लिहिणं म्हणजे काय, ते एका दुपारीत कळेल, आणि पैसे घालायचे की नाही हे त्यानंतर ठरवता येईल.