अमूर्त निसर्गचित्र पाहताना

सातारा जिल्ह्यातील औंध येथे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1938 साली उभारलेल्या श्री भवानी चित्रसंग्रहालयात राजा रविवर्मा, महादेव धुरंधर यांच्यासारख्या वास्तवदर्शी चित्रकारांच्या कृती आहेत, आणि अशा चित्रांवर पोसलेली नजर डोंगर, झाड, घाट ओळखू आले नाहीत की साहजिकच बिचकते. अमूर्त निसर्गचित्र म्हणजे दृश्यातील ओळखीचे तपशील गाळून रंग, पोत, उजेड आणि अवकाश यांतून त्याचा प्रत्यय देणारे चित्र. ते समजून घ्यायचे तर आधी रंग कागदावर कसा वागला हे पाहावे लागते.

जलरंगात तर पाणीच निम्मे काम करते. हा रंग पारदर्शक असल्याने प्रकाश त्याच्या पातळ थरातून जाऊन कागदाच्या पांढरेपणावरून परततो, म्हणून उजेडाची जागा आधीच ठरवून कोरी सोडावी लागते. ओल्या कागदावर सोडलेला रंग पसरून त्याच्या कडा विरघळतात, सुकलेल्या कागदावरचा फटकारा ठाम कड ठेवतो, आणि अर्धवट सुकलेल्या रंगात थेंब पडला तर रंग बाहेर ढकलला जाऊन फुलकोबीसारखी दातेरी कड उमटते. अल्ट्रामरीन निळ्याचे कण खरबरीत कागदाच्या खळग्यांत बसून दाणेदार पोत देतात.

पावसाळ्यात कासच्या सड्यावर धुके उतरले की क्षितिज पुसले जाते, जांभ्या दगडाची काळपट पट्टी तेवढी उरते. असे दृश्य रंगवणारा वरचा भाग ओल्या राखाडी थरात सोडून खाली एकच कोरडा, ठाम पट्टा ओढेल, तर हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावरचे ऊन दाखवायला कदाचित कोरा कागदच पुरेल. मुंबईची दृश्ये जलरंगात रंगवणारे सय्यद हैदर रझा पुढे अमूर्ताकडे वळले, ते निसर्गाशी नाते राखूनच.

मात्र रंग नुसता ओघळू देणे म्हणजे अमूर्तता नव्हे. चांगल्या चित्रात विरघळलेली कड आणि ठाम कड यांचे प्रमाण राखलेले असते, कोरी जागा अर्थपूर्ण असते, आणि थरावर थर चढवून रंग मळलेला नसतो. वाचकांनी प्रदर्शनात असे चित्र आधी लांबून, मग हातभर अंतरावरून पाहावे, आणि चित्राखालचे शीर्षक सर्वांत शेवटी वाचावे.